सरकत्या वक्राची पाटी: उन्हाळ्यातल्या नोंदी

२ मे

भाची अमरावतीहून आली. अकरावी झाली, बारावी डोक्यावर. बॅगेतून आंब्याच्या लोणच्याच्या बरणीसोबत गणिताची वही निघाली आणि जेवण व्हायच्या आत पहिला प्रश्न आला. "मामा, २^(क्ष−३) मध्ये तीन वजा केले, तर आलेख उजवीकडे काहून सरकते? डावीकडे जायला पाहिजे ना?"

(फोनवर टाइप करतोय, म्हणून घात दाखवायला टोपीचं चिन्ह वापरतो. २^३ म्हणजे ८. क्ष असा घातात बसला की ते घातांकी फल.)

हा प्रश्न मला दर वर्षी निदान दहा पोरं विचारतात. नागपुरात मानेवाड्यात शिकवण्या घ्यायला लागल्यापासून मी उत्तर देतो ते असं: "क्षच्या जागी क्ष−३ घातलं की उजवीकडे जातो, पाठ कर." पोरं पाठ करतात आणि परीक्षेत उलटं लिहितात. यंदा ठरवलं की शाळा उघडेपर्यंत हातात धरून सरकवता येईल अशी एक पाटी बनवायची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे वेळ भरपूर आहे. भाची मदतनीस. पगार म्हणून रोज संध्याकाळी एक बर्फगोळा.

तिला तूर्त गाडीचं उदाहरण दिलं. तुझी गाडी तीन तास उशिरा धावते आहे. घड्याळात दहा वाजले. ती आत्ता कुठं असेल हे कसं काढशील? घड्याळातून तीन वजा करायचे आणि वेळापत्रकात सातच्या पुढे काय लिहिलंय ते बघायचं. म्हणजे वजाबाकी वेळापत्रक वाचण्यासाठी झाली, गाडी मात्र उशिराच आहे. कागदावर उशीर म्हणजे उजवीकडे. ती म्हणाली, "हे समजलं. पण घातांकी फलाची गाडी कुठली?" त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

३ मे

सीताबर्डीवर सकाळी नऊच्या आत जाऊन आलो, त्यानंतर बाहेर पडण्यात अर्थ नाही. पारदर्शक ओएचपी शीट, आलेख कागदाची वही, काळा आणि लाल मार्कर, ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला तापमापक. तापमापक यादीत नव्हता. दिसला, घेतला.

संध्याकाळी य = २^क्ष काढला. क्ष-अक्षावर एका एककाला २ सेंमी, य-अक्षावर १ सेंमी. उणे ४ पासून ४ पर्यंत. डावं टोक अक्षापासून मिलिमीटरभरही वर नाही, उजवं टोक १६ सेंमीवर. मग शीटवर काळ्या मार्करने गिरवला. अनंतस्पर्शी रेषा लाल रंगात, शीटवरच. भाचीने तिचं नाव लगेच बदललं: "ही फरशी. वक्र फरशीजवळ येतो, टेकत नाही." मी हरकत घेतली नाही. अनंतस्पर्शी हा शब्द लिहायला पोरं घाबरतात, फरशीला कोण घाबरणार.

५ मे

आजची नोंद मोठी होणार.

भाचीने फोनवर जिओजेब्रा हे आलेख काढायचं ॲप उघडलं, २^(क्ष−प) लिहिलं आणि प चा स्लायडर ओढला. म्हणाली, "मामा, हा उजवीकडे नाही, खाली जाऊन राहिला." मी बघितलं. खरंच, पडद्यावर वक्र खाली बसल्यासारखा दिसत होता. उजवीकडे जातो हे मला माहीत म्हणून मला तसं दिसायचं. तिला माहीत नव्हतं, तिला दिसलं ते तिने सांगितलं.

मग वक्रावर एक ठिपका ठेवला, (०, १) वर, आणि स्लायडरसोबत तो सरकवला. आता उजवीकडे सरकताना दिसलं. ठिपका काढला की पुन्हा खाली. तिने विचारलं, "ठिपक्याशिवाय कसं ओळखायचं?"

ओळखता येत नाही. हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, पण असं डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. २^(क्ष+३) म्हणजे २^३ गुणिले २^क्ष, म्हणजे ८·२^क्ष. डावीकडे तीन घरं सरकवणं आणि प्रत्येक उंची आठपट करणं ही एकच कृती आहे. उजवीकडे तीन म्हणजे प्रत्येक उंची आठव्या हिश्शावर. प्रत्येक उंची दाबली गेली तर वक्र खाली बसल्यासारखा दिसणारच. पोरीचे डोळे बरोबर होते.

खात्री म्हणून नव्या कागदावर ८·२^क्ष चे बिंदू स्वतंत्र काढले: उणे ४ ला अर्धा, उणे ३ ला एक, उणे २ ला दोन, उणे १ ला चार, ० ला आठ, १ ला सोळा. त्यावर शीट ठेवली आणि ६ सेंमी डावीकडे ओढली. सहाही बिंदू काळ्या रेषेखाली गेले. आई बाजूला हरभरे सोलत बसली होती, तिनेही मान वर करून बघितलं. "बसलं ना बरोबर," एवढंच म्हणाली.

मग २^क्ष + ३ चे बिंदू काढले. शीट डावीकडे, उजवीकडे, कितीही फिरवली, बसेना. वर तीन सेंमी उचलली आणि लगेच बसली. पण आता लाल रेषाही तीनवर होती. म्हणजे आडव्या सरकण्यात फरशी हलत नाही, उभ्या सरकण्यात हलते. आणि आडवं सरकणं तर गुणाकाराचंच दुसरं नाव निघालं. मग घातांकी फलाला स्वतःचं म्हणावं असं एकच स्थानांतरण उरतं, वर-खालचं. पुस्तकात दोन्ही शेजारी-शेजारी, सारख्या अक्षरांत छापलेली असतात.

६ मे

पॅराबोलाची, म्हणजे क्ष^२ च्या वाटीसारख्या वक्राची, शीट करून बघितली. (क्ष−३)^२ ला क्ष^२ च्या कुठल्याही पटीवर बसवता येत नाही, कारण एकाचा तळ ० वर, दुसऱ्याचा ३ वर, आणि तळाला कितीने गुणलं तरी तो जागचा हलत नाही. साध्या, सलग फलांमध्ये कुठलंही सरकणं म्हणजे नुसती पट, हा गुण घातांकी फलांनाच आहे. बर्फगोळा: काला खट्टा.

७ मे

चिन्हांच्या खोड्या एका बैठकीत उरकल्या. २^(२क्ष−६) मध्ये सरक ६ नाही, ३ आहे, आधी २ बाहेर काढायचा. २^(३−क्ष) हा २^(−क्ष) चा आलेख उजवीकडे तीन, डावीकडे नाही. भाची दुसऱ्यात अडकली, मग शीट पालथी घातली आणि सरकवून बघितलं तेव्हा सुटली. शीट पालथी घालता येते हा फायदा फोनमध्ये नाही.

८ मे

घातांकी फलाची गाडी सापडली: गरम पाण्याचा पेला. तापलेली वस्तू सभोवतालापेक्षा जितकी जास्त गरम, तितक्या वेगाने निवते, हे न्यूटनने १७०१ साली मांडलं, तेही लेखावर स्वतःचं नाव न घालता. चहा घेतला असता, पण त्यावर साय धरते, म्हणून नुसतं पाणी. स्टीलचा पेला, आतल्या खोलीत, पंखा एकवर, दर दहा मिनिटांनी नोंद.

तीस मिनिटांपर्यंत छान चाललं. मग आईला उकडलं आणि तिने कूलर लावला. आम्हाला कळलंच नाही. पन्नासाव्या मिनिटाला ३९, सत्तराव्याला ३२. वक्र मध्येच कोपरा मारून खाली गेला. भाचीने घामाघूम होऊन मेहनतीने बिंदू काढलेले, ती रडवेली झाली. आई म्हणाली, "काहून बापा, पाणी थंडं व्हायसाठीच ठेवलं होतं ना? मग झालं की!"

तो कागद फेकला नाही. कूलर लागला त्या क्षणी फरशी खाली गेली आणि निवण्याचा वेगही बदलला, हे त्यात स्वच्छ दिसतं.

९ मे

कूलरचं बटण सेलोटेपने बांधून पुन्हा. या वेळी १०० मिनिटं. भाचीच्या वहीतून:

सुरुवातीला ८४. मग १० मिनिटांनी ६९.५, २० ला ५९.५, ३० ला ५३, ४० ला ४८, ५० ला ४४.५, ६० ला ४२, ८० ला ३९, १०० ला ३७.५.

घातांकी असेल तर सारख्या वेळात सारखी पट हवी. तिने दर वीस मिनिटांची पट काढली: ०.७१, ०.८१, ०.८८, ०.९३, ०.९६. "मामा, हे घातांकी नाहीच." मी म्हटलं, फरशी कुठं आहे? ती म्हणाली, शून्यावर. मी म्हटलं, मे महिन्यात नागपुरात पाणी शून्यावर जाऊन थांबेल का?

हसली, आणि फोनमधल्या हवामानाच्या ॲपवर बघून ४३ वजा करायला लागली. ४२ वजा ४३ उणे एक, त्याचा लॉग (म्हणजे तो आकडा कितवा घात आहे ते) काढायला गेली तर कॅल्क्युलेटरने हात वर केले. बाहेरचं तापमान पेल्याला काय करायचं? पेला खोलीत होता.

१० मे

आतल्या खोलीतल्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक जुना तापमापक आहे. काल त्यावर ३५.५ होतं. ते वजा करून उरलेले आकडे, दर वीस मिनिटांचे: ४८.५, २४, १२.५, ६.५, ३.५, २. सुरुवातीला अर्धं-अर्धं झकास. शेवटाकडे पट ०.५४, मग ०.५७. घसरगुंडी वर चढते आहे.

भाचीने स्वतःहून ३६ वजा करून बघितलं: ४८, २३.५, १२, ६, ३, १.५. सगळीकडे अर्ध्याच्या आसपास, आणि शेवटी तर नेमकं अर्धं. तिला आनंद झाला, मला नाही झाला. आकडे जुळावेत म्हणून फरशी अर्ध्या अंशाने उचलणं म्हणजे चोरी. भिंत ३५.५ म्हणते तर पेला ३६कडे का निघाला?

११ मे

फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून बत्त्याने कुटला, थोडं पाणी घातलं, नवा तापमापक त्यात पाच मिनिटं धरला. दाखवतो ०.५. उकळत्या पाण्यात ९९.५. भाची म्हणाली, "एकीकडे अर्धा जास्त, एकीकडे अर्धा कमी!" नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, इथं पाणी ९९च्या आसपासच उकळतं. म्हणजे दोन्ही टोकांना अर्धा जास्तच.

चोर सापडला. आमचा तापमापक सगळीकडे अर्धा अंश वाढवून सांगतो, म्हणजे अख्खा वक्र अर्ध्या अंशाने वर सरकलेला, फरशीसकट. त्याच तापमापकाच्या हिशेबात खोली ३६च आहे. आम्ही वक्र एका तापमापकाचा घेतला आणि फरशी दुसऱ्याची.

उभं सरकणं वहीत निरुपद्रवी वाटतं, + क लिहिलं की झालं. इथं ते तापमापकाच्या काचेत बसून होतं. आणि चूक शेवटच्या दोन-तीन बिंदूंतच दिसली, कारण ४८पुढे अर्धा अंश काहीच नाही, १.५ पुढे तो तिसरा हिस्सा आहे.

१२ मे

सकाळी साडेसहाला भाचीला स्कूटरवर बसवून झिरो माईलला नेलं. तिला चार घोडे आणि खांब बघून सेल्फी काढायची होती, मला शेजारचा १९०७ सालचा जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या देशाच्या मोजणीचा, दगड दाखवायचा होता. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२० फुटांच्या वर. मी म्हटलं, आपण इथं जमिनीवर उभे आहोत, पण दगडाच्या हिशेबाची फरशी मुंबईकडे कुठेतरी समुद्रात आहे. म्हणाली, "मामा, सुट्टीच्या दिवशी तरी." परत येताना तर्री पोहे. तर्री अंमळ जास्तच झाली.

१४ मे

भिंतीवरच्या तापमापकावर विसंबायचंच नाही, पेल्याला विचारून फरशी काढता येईल का? येते. सारख्या अंतराने घेतलेल्या तीन नोंदी पुरतात. पहिली अ, मधली ब, शेवटची ड, आणि फरशी क. सारख्या वेळात सारखी पट, म्हणून (अ−क) आणि (ड−क) यांचा गुणाकार म्हणजे (ब−क) चा वर्ग. सोडवलं की क^२ दोन्हीकडून उडून जातो आणि राहतं:

क = (अ·ड − ब^२) ÷ (अ + ड − २ब)

क^२ उडाला तेव्हा भाचीने टाळी दिली. वर्गसमीकरण सोडवावं लागेल म्हणून ती आधीच सूत्र आठवत बसली होती.

पहिल्यांदा ०, २०, ४० मिनिटांच्या नोंदी घातल्या: ८४, ५९.५, ४८. वर ४९१.७५, खाली १३. उत्तर ३७.८. छे. मग ०, ४०, ८०: ८४, ४८, ३९. वर ९७२, खाली २७. उत्तर ३६, बरोब्बर.

तीच वही, तेच सूत्र, आणि दोन अंशांचा फरक. कारण शोधायला दुपार गेली. मधली नोंद ५९.५ ऐवजी ६० असती तर पहिलं उत्तरही ३६च आलं असतं. म्हणजे जवळजवळच्या नोंदी घेतल्या तर वाचनातली अर्ध्या अंशाची चूक फरशीला जवळजवळ दोन अंश हलवते. लांबच्या नोंदींत मधली अर्ध्या अंशाने चुकवून बघितली तर फरशीही अर्धाच अंश हलली. वक्राचा नुसता उतार बघून तो कुठं टेकणार हे सांगणं अवघड, जरा आडवा होऊ द्यावा लागतो. भाचीने वहीत लिहिलं: "घाई केली तर फरशी खोटी निघते." अक्षर चांगलं आहे पोरीचं.

१७ मे

पाण्यावर पाणी.

फ्रीजचं पाणी, १० अंश, त्याच पेल्यात. २६ मिनिटांनी २३, ५२ मिनिटांनी २९.५. इथं ३६ ही फरशी नसून छत झालं, आणि वक्र उलटा: ३६ वजा २६ गुणिले अर्ध्याचा घात. शीट पालथी आणि वरची बाजू खाली करून ठेवली तर आकार तोच. पण अर्धं अंतर कापायला गरम पेल्याला वीस मिनिटं लागली होती, याला २६. भाचीने विचारलं, का? गरम पाणी वाफेवाटेही उष्णता घालवतं. थंड पाण्याला तो रस्ता नाही. न्यूटनचा नियम या भानगडीत पडत नाही.

मग माठ. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी आंघोळीलाही चटके देतं, ते ४२ अंशांचं पाणी माठात भरलं. दोन तासांनी ३३, चार तासांनी २९.५. खोली ३६ची. भाची तापमापकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. पाणी खोलीच्या खाली गेलंच कसं? सूत्रात घातलं: १२३९ वजा १०८९, म्हणजे १५०, भागिले ५.५. फरशी २७.३.

माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडची मे महिन्याची हवा कोरडी म्हणून ते जोरात चालतं, याच कारणाने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर इथं चालतो आणि मुंबईत चालत नाही. माठाची फरशी खोलीच्या तापमानावर नसते, ती त्याहून नऊ अंश खाली आहे, आणि भिंतीवरचा कुठलाही तापमापक ती दाखवत नाही. फक्त माठातल्या पाण्याच्या नोंदीच सांगतात.

आईला सांगितलं तर म्हणाली, "हे मला फुकटात माहीत होतं."

२० मे

आडव्या सरकण्याचा प्रयोग राहिला होता. आज पाणी ६०पर्यंत निवू दिलं आणि मग शून्य मिनिट धरून नोंदी सुरू केल्या. २० मिनिटांनी ४८, ४० ला ४२, ६० ला ३९. हा ९ मेचाच वक्र, वीस मिनिटं डावीकडे. जुन्या वक्राची शीट (एका सेंमीला दहा मिनिटं, एका सेंमीला पाच अंश) दोन सेंमी डावीकडे ओढली, बसली.

भाचीला विचारलं, कागद बघून सांग, हा पेला कमी गरम होता की तितकाच गरम होता आणि आपण घड्याळ वीस मिनिटं उशिरा लावलं? विचार करून म्हणाली, "सांगता येत नाही. फोनमध्येही नव्हतं येत." पाच तारखेचा स्लायडर तिला आठवला याचं मला बरं वाटलं.

म्हणजे दोन चुकांचे दोन परिणाम. घड्याळ उशिरा लावलं तर वक्र आडवा सरकतो, फरशी जागच्या जागी, निम्मं होण्याचा वेळ तोच, काही बिघडत नाही. तापमापक खोटा असेल तर उभा सरकतो, आणि फरशी दुसरीकडून उसनी आणली की सगळा हिशेब बिघडतो.

रात्री तिने विचारलं, टीव्हीवरच्या मालिकांत पोलीस प्रेताचं तापमान मोजून वेळ काढतात ते हेच का? हेच. पण शरीर ३७चं आणि खोली ३६ची असेल तर निवायला जागाच नाही, आणि गच्चीवरच्या खोलीत तर उलट तापत जाईल. नागपूरच्या मे महिन्यात तो डिटेक्टिव्ह उपाशी मरेल. आई म्हणाली, जेवताना असलं बोलू नका.

२४ मे

सुतार आला. प्लायवूडची पाटी, वर आलेख कागद, त्यावर शीटची लाकडी चौकट. चौकट आडव्या पट्टीवर सरकते, आणि ती पट्टी उभ्या खाचेत वर-खाली. सुताराने उभी खाच सैल ठेवली, चौकट आपोआप खाली घसरते. कागदाची घडी कोंबली, तात्पुरतं.

आडव्या पट्टीवर मी १, २, ३ अशी घरं लिहीत होतो. भाची म्हणाली, "वरच्या बाजूला पटही लिहू ना." डावीकडे एक घर म्हणजे दुप्पट, दोन घरं चौपट, तीन आठपट. लिहिलं. मग मध्ये मोकळी जागा. तिप्पट कुठं येईल? तिने चौकट डावीकडे सरकवत नेली, वक्र य-अक्षाला तीनवर छेदेपर्यंत, आणि पट्टीवर पेन्सिलीने खूण केली: ३.२ सेंमी. पाचची खूण ४.६वर. सहाची करायला निघाली आणि थांबली. "तीनपासून पुढे एक घर. आपोआप." ५.२. मोजलं, जुळलं. सातची केली, मग नऊची करताना तीनची खूण दोनदा मोजली. दीड तास कोणी बोललं नाही.

शेजारचे काका कूलरचं पाणी भरायला आले होते. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, ही तर स्लाइड रूल!" घरी जाऊन खरीखुरी घेऊन आले, पिवळी पडलेली, चामडी खोळात. सरकवून तीन गुणिले दोन करून दाखवलं. खुणांची ठेवण हुबेहूब. नेपिअरने लॉगॅरिदमचे तक्ते १६१४ साली छापले, पुढे त्यावरून पट्ट्या निघाल्या, आणि कॅल्क्युलेटर येईपर्यंत काकांच्या पिढीने पूल त्यावर बांधले. आम्ही पाण्याच्या पेल्यावरून निघून तिथं पोहोचलो, तेही माहीत नसताना. काकांनी स्लाइड रूल रात्रभर भाचीकडे ठेवायला दिली. कूलरचं पाणी भरायचं राहूनच गेलं.

२९ मे

भाचीला बसमध्ये बसवून दिलं. ९ मेच्या वक्राची शीट ती नेणार होती, मी ठेवून घेतली. सेलोटेप अजून कूलरच्या बटणाला चिकटलेला आहे. उभी खाच दुरुस्त करायची आहे, सुतार फोन उचलत नाही.

२८ जून

पाऊस लागला. दोन दिवसांपूर्वी शाळा उघडल्या, शिकवणीची पहिली बॅच आली. पाटी टेबलावर ठेवली होती, मी काही सांगायच्या आधी दोघांनी चौकट सरकवायला घेतली आणि तिसऱ्याने ती पाडली. शीट शाबूत.

रात्री एकट्याने पुन्हा पेला मांडला. तोच पेला, तोच खोटा तापमापक, सुरुवात ८४. वीस मिनिटांनी ५६.५, चाळिसाव्या मिनिटाला ४३, ऐंशीला ३२.५. सूत्राने फरशी २८.९, म्हणजे २९च धरू. मेपेक्षा सात अंश खाली.

नव्या कागदावर मेची शीट ठेवली. सात अंश म्हणजे १४ मिलिमीटर खाली ओढली. शेपूट जवळजवळ बसलं, डोकं नाही. अर्थातच, तेव्हा ८४ हे फरशीच्या ४८ वर होतं, आता ५५ वर आहे. ४८ला ५५ करायला जी पट लागते, ती या वक्राला उजवीकडे सरकवून मिळते. हिशेब केला, चार मिनिटं. शीट ४ मिलिमीटर उजवीकडे ढकलली आणि सगळे बिंदू रेषेखाली गेले.

फोटो काढून अमरावतीला पाठवला. लगेच उत्तर आलं: "मामा, डावीकडे रेषाच नाही."

खरंच. मे महिन्यात तिने वक्र ८४पासून काढला होता. शीट उजवीकडे गेल्यावर पहिल्या चार मिनिटांवर कोरी पट्टी राहिली आहे. मार्कर सुकलाय, म्हणून काचेवर लिहायच्या पेन्सिलीने तेवढा तुकडा वाढवला, शून्याच्या मागे चार मिनिटं, मेच्या फरशीवरून मोजलं तर ९१ अंशांपर्यंत. पेल्यातलं एवढं गरम पाणी आम्ही मोजलंच नव्हतं.